पांढऱ्यात पांढरं

सोनाजीनं टाकीचं झाकण उचललं आणि तोंड फिरवलं. कुजक्या अंड्यांचा वास शेडभर पसरला.

"पुन्हा?" काकासाहेबांनी नाकाला रुमाल लावला. "मागच्या आठवड्यातच नवं कूलंट भरलं ना?"

"मीच भरलं की, मालक."

"मग तूच सांग काय झालं ते!"

ग्राइंडिंगच्या दगडाखाली काम गार ठेवणारं ते तेलपाणी. ताजं असलं की पांढरंशुभ्र, थेट दुधासारखं. आता करडं पडलं होतं, वर तवंग साचला होता. असल्या पाण्यात घासलेले जॉब, म्हणजे लोखंडी सुटे भाग, दोन दिवसांत गंजायचे. माल घेणाऱ्या कंपनीनं दोनदा तो परत धाडला होता, म्हणून काकासाहेबांचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"तू त्या मोर्चाला गेलास ना, त्याच आठवड्यापासून हे सुरू झालंय," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "कुणीतरी मुद्दाम काहीतरी ओततंय. पुढच्या शनिवारी वास आला तर दुसरीकडं काम बघ."

विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा सगळं शहरच दुभंगलेलं. काल एका डब्यात जेवणारे आज पाठ करून बसत. सोनाजी नामांतराच्या बाजूचा, हे त्याच्या खिशावरचा निळा बिल्लाच सांगे. पण नऊ वर्षं ह्या मशीनवर त्यानं मापात केसाच्या दहाव्या भागाइतकाही फरक पडू दिला नव्हता. जायचं तर जाऊ, पण असं चोर म्हणवून घेऊन? त्याच्या जिव्हारी लागलं ते.

आणि गंमत अशी, की कोण ओततं हे त्याला ठाऊक होतं!

काकासाहेबांची आई, वच्छलाबाई. शुक्रवारची सुट्टी, म्हणून गुरुवारी दुपारी ती शेंद्र्याहून यायची, मशीनला हळदकुंकू वाहायची. महिन्यापूर्वी घरची म्हैस व्याली, तेव्हापासून सोबत तांब्याभर दूधही आणू लागली. "ही बी दूध देती माय, हिला बी पाजाया नको का?" असं म्हणत टाकीत रिकामं करायची. पांढऱ्यात पांढरं, कुणाच्या डोळ्यावर येणार? मग सुट्टीभर मशीन बंद, आणि आत दूध नासतंय.

पण सांगायचं कुणी? सोनाजीनं तोंड उघडलं असतं तर 'आता पूजेवर उठला' म्हणायला सगळे मोकळे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. त्यानं त्याच दिवशी टाकी उपसली, नवं भरलं, आणि उरलेलं ताजं कूलंट दोन बाटल्यांत घालून खिडकीत ठेवलं. चहावाल्याकडून आणलेलं चमचाभर दूध त्यातल्या एकीत टाकलं.

गुरुवारी वच्छलाबाई आली. हळदकुंकू वाहून झालं. तांब्या कलंडणार, इतक्यात सोनाजीच्या तोंडून निघून गेलं,

"आजी, थांबा."

ऑफिसाच्या दारातून काकासाहेब तरातरा आले. "काय रे?"

सोनाजीनं खिडकीतल्या दोन्ही बाटल्या आणून म्हातारीसमोर धरल्या. "वास घेऊन बघा."

तिनं एक हुंगली. दुसरी हुंगली आणि पदर नाकाला लावला. "अगं माय! नासलंय की हे."

"दोन्हीत एकच कूलंट हाय, आजी. ह्यात फक्त चमचाभर दूध टाकलं."

"आईच्या पूजेला नावं ठेवतो?" काकासाहेब कडाडले. "तुझी हिंमत..."

"गप रं!" म्हातारी म्हणाली. "जल्म गेला माझा दुधात. शिळ्या भांड्यात धार काढली तर सगळं नासतं, हे मला कुणी शिकवाया नको." ती टाकीकडं बघत राहिली. मग सोनाजीकडं वळली. "म्हैना झाला. आधी का नाय सांगितलं बाबा?"

सोनाजीची नजर खिशावरच्या निळ्या बिल्ल्यावर गेली.

म्हातारीला उमगलं. "व्हय," ती हळू म्हणाली. "ऐकलंच नसतं आमी." आणि लेकाला म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला फाशी द्याया निघाला व्हय रं? सगळ्यांदेखत बोलला तू ह्याला. आता मला सगळ्यांदेखत बोलू दे."

तिनं हाका मारल्या. पण सहा मशीनींच्या घरघरीत त्या म्हातारीचा आवाज कुणाला जाणार! दोघातिघांनी माना वर केल्या आणि पुन्हा कामाला लागले.

काकासाहेब जागीच उभे होते. कानशिलं लाल झालेली. सोनाजीला वाटलं, आता हे पाय आपटत ऑफिसात जातील. ते निघालेही, पण ऑफिसापुढून सरळ कोपऱ्यात गेले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं मेन स्विच खाली ओढला.

एकेक करत सगळ्या मशीनी थांबल्या.

"लेकरांनो," वच्छलाबाई म्हणाली, "टाकी मी नासवली. दूध ओतून. सोनाजीचा काय बी गुन्हा नाय."

काकासाहेब स्विचपाशीच उभे होते, भिंतीकडं तोंड करून. मग ते वळले.

"सोनाजी," ते म्हणाले, "ह्या कूलंटची काळजी कशी घ्यायची, ते सांग सगळ्यांना. मला पण."

सोनाजी पुढं झाला. आवाज कापत होता, आणि त्या शांततेत तो सगळ्यांना ऐकू गेला. त्याला त्याची लाज वाटली नाही.