पाचव्या फुलाची जागा

मित्रांनो, मी एक जुनी बिदरी डबी आहे. तळहातावर मावेन एवढीच. माझ्या झाकणावर चांदीची पाच फुले होती, आता चार आहेत. पाचव्याच्या जागी खळगा आहे आणि लोकांची नजर आधी तिथेच जाते. पूर्वी मला त्याची फार लाज वाटायची. आता वाटत नाही. का वाटत नाही, तेच सांगायचे आहे. मी स्वभावाने भित्री आहे, सांगताना मध्येच घाबरले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म बिदरचा, निजामाच्या राजवटीतला. रेवणसिद्ध नावाच्या कारागिराने जस्त आणि तांबे वितळवून मला ओतले, कोरले आणि कोरलेल्या रेघांत चांदीची तार ठोकली. तेव्हा मी राखाडी, निस्तेज होते. बिदरी वस्तूला काळा रंग येतो तो तिथल्या जुन्या किल्ल्यातल्या मातीने. ती माती नवसागराबरोबर पाण्यात उकळतात आणि डबी आतबाहेर त्यात बुडवतात. अंग काळेभोर होते, चांदी तेवढी पांढरी राहते. ही माती डोक्यावर वाहून आणायचे काम निवृत्ती नावाच्या मजुराचे होते. चांगली माती कोणती हे तो जिभेला लावून सांगायचा, आणि त्याचे कधी चुकत नसे.

माझ्यात एक खोट राहिली. झाकण घट्ट बसले. अंगठ्याने डावी कड दाबून जरासे फिरवले तरच ते उघडते. गिऱ्हाईक काही मला घेईना. शेवटी रेवणसिद्धाने मला निवृत्तीला देऊन टाकले. "तुझ्याच मातीची आहे, ने घरी," म्हणाला. निवृत्तीने मला आपल्या लेकीला, सरजाबाईला, दिले. तिने आधी माझ्यात देवाचा अंगारा ठेवला. पुढे त्यांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा अंगारा काढून सुया आणि काळा दोरा ठेवला. मला काय, दोन्ही सारखेच. तिचा अंगठा माझ्या कडेला लागला की मी निर्धास्त असे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. उदगीरजवळच्या सरजाबाईच्या सासरच्या गावात विहिरींचे तळ दिसू लागले. सरजाबाई आणि तिचा नवरा मारोती तलावाच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. एके दिवशी मारोतीने सुरीच्या टोकाने माझे मधले फूल उचकटले आणि विकून रेशनची मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी, आणली. त्याला मी दोष देत नाही, घरात लेकरू उपाशी होते. पण उरलेली चार फुले मात्र सरजाबाईने वाचवायची ठरवली.

तिची मुलगी पंचशीला उदगीरच्या शाळेत चौथीला होती. तिच्या बाई होत्या चंद्रप्रभाबाई. सरजाबाई मला पदराखाली घेऊन त्यांच्या घरी गेली.

"बाई, ही तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. चांगला पाऊस झाला की न्हेते. पान्यानं धुऊ नगा, चिंच तर लावूच नगा. हिच्यावर माज्या बापाची माती हाय. करडीच्या तेलाचा बोळा फिरवा, बास."

"काळजी करू नका सरजाबाई, जिवापाड जपेन," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. आणि मित्रांनो, त्या तेव्हा अगदी खरे बोलत होत्या.

पाऊस पडायच्या आतच त्यांच्या यजमानांची, वसंतरावांची, बदली बिलोलीला झाली. सामानाबरोबर मीही गेले. 'कुणाबरोबर तरी पाठवून देऊ' असे बाई वर्षभर म्हणत होत्या. मग म्हणेनाशा झाल्या. बिलोलीच्या घराची भिंत ओकीबोकी दिसे, म्हणून त्यांनी मला ट्रंकेतून काढून फळीवर मांडले. शेजारच्या पार्वतम्मांनी माझे कौतुक केले. मी एकटी दिसते म्हणून बाईंनी जुन्या बाजारातून पितळी कुंकवाचा करंडा आणला. मग लाखेची डबी आली, अत्तराची आली, लाकडी फणीपेटी आली. बाईंना जुन्या डब्यांचा नादच लागला. शिळ्या भाकरीवर दिवस काढतील, पण डबी सोडणार नाहीत!

खरे सांगते, मलाही ते कौतुक आवडू लागले. पण जीव टांगणीला असे. पाऊस तर कधीच पडून गेला होता. सरजाबाई आली आणि आमचे घर सापडले नाही तर?

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा वेगळा झाला. वसंतराव नव्या जिल्हा कार्यालयात आले. लातूरच्या घरात बाईंनी काचेचे कपाट करून घेतले. त्यात क्रोशाचे रुमाल अंथरून आम्हा पस्तीस डब्यांना मांडले. मला मधोमध जागा मिळाली. नव्या साहेबांच्या पत्नी चहाला येणार होत्या, म्हणून वसंतरावांची धाकटी बहीण विमल कामाला लागली. मला पाहून म्हणाली, "वहिनी, ही किती काळी पडली हो!" आणि मोठ्या मायेने चिंच आणि राख लावून तिने मला घासले.

मी आतल्या आत ओरडत होते. डबीचे ओरडणे कोण ऐकणार? काळी माती पाण्याबरोबर मोरीतून गेली. झाकण उघडून आतूनही घासायचा तिने पुष्कळ प्रयत्न केला, पण ते उघडले नाही. बाई बाजारातून परतल्या. मला पाहून त्यांचा चेहरा उतरला. चॉकलेटच्या चंदेरी कागदाचे फूल कापून त्यांनी माझ्या खळग्यावर डिंकाने चिकटवले आणि मला जागेवर ठेवले.

साहेबांच्या पत्नींना मीच सर्वांत आवडले. "कुठून मिळाली हो?" त्यांनी विचारले.

"आमच्या आजीची," बाई म्हणाल्या.

विमलने चमकून पाहिले. माझ्या तर अंगावर काटाच आला.

आठवडाही गेला नसेल, दारात सरजाबाई उभी राहिली. केस पिकले होते, आवाज तोच होता. पंचशीलाला मास्तरीण म्हणून नोकरी लागली होती. नेमणुकीचा हुकूम घ्यायला मायलेकी लातूरच्या जिल्हा कार्यालयात आल्या, तिथे वसंतराव भेटले आणि त्यांनी घराचा पत्ता दिला.

"पोरगी आता खोली करून ऱ्हानार. म्हनलं तिला आजाची डबी द्यावी," सरजाबाई म्हणाली आणि पिशवीतून लहान बाटली काढली. "तेल बी आनलंय. इतकी वर्सं तुमी पुसली, आता मी पुसते."

बाईंनी नुसते कपाटाकडे पाहिले. सरजाबाई काचेजवळ आली. एकेक डबी पाहत तिची नजर माझ्यावर आली, आणि पुढे गेली. मित्रांनो, माझ्या आयुष्यात एवढी भीती मला कधी वाटली नाही. राखाडी अंगाची, पुऱ्या पाच फुलांची डबी तिची कशी असेल?

"हितं न्हाई, बाई. माजी काळी हुती, एक फूल नसलेली." मग तीच समजूत घालू लागली. "दहा वर्सं झाली, तुमच्या बदल्या झाल्या. हरवली असंल. तुमी जिवाला लावून घेऊ नगा."

ती दाराकडे वळली. चपला घालू लागली. विमल वहिनींकडे बघत होती. बाई एक अक्षरही बोलल्या नाहीत तर मी कायमची या घरची होणार होते, आणि कुणाला कळलेही नसते. 'बोला हो बाई, बोला!' मी मनात म्हणत राहिले.

"सरजाबाई, थांबा."

बाईंनी कपाट उघडले. मला हातात घेतले. मग त्यांनी नखाने ते कागदी फूल खरवडून काढले. खाली माझा खळगा होता तसाच होता.

"ही घ्या. घासली गेली. सांगायला विसरले, आणि नंतर सांगायची लाज वाटली. विमल, ही माझ्या आजीची नाही. यांच्या वडिलांची आहे." बाई रडू लागल्या.

सरजाबाईने खळग्यावरून करंगळी फिरवली. "माती गेली म्हना की," एवढेच म्हणाली. ती रागावली असती तर बरे वाटले असते. मग सवयीने तिचा अंगठा डाव्या कडेवर गेला. दाबून, जरासे फिरवून तिने झाकण उघडले. आत तिच्या सुया होत्या, दोऱ्याची गुंडी होती. आणि आतली बाजू काळीभोर होती. दहा वर्षांत तिथे कुणाचा हातच पोहोचला नव्हता.

सरजाबाईने मला उजेडात तिरके धरले.

"आत हाय की माजा बाप," ती म्हणाली.

आता मी पंचशीलाच्या टेबलावर असते. खळग्याची लाज वाटत नाही; तीच तर माझी खूण. माझ्यात सुया असतात आणि खडूचे तुकडेही. चंद्रप्रभाबाईंनी उरलेल्या प्रत्येक डबीखाली कुठून आली, कुणाची होती, अशी चिठ्ठी ठेवली आहे म्हणे. काहींवर 'माहीत नाही, शोधते आहे' असे लिहिले आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी घर जरूर सजवा. पण घासण्याआधी एकदा विचारा, तो मळ आहे की कुणाची मेहनत. आणि कुणी काही सांभाळायला दिले असेल तर ते त्याचेच आहे, हे अधूनमधून मनाशी म्हणत जा. माणूस वाईट नसला तरी दहा वर्षांत विसरतो.

सरजाबाई लेकीकडे आली की करडीच्या तेलाचा बोळा घेऊन बसते. पुसायला सुरुवात ती आतून करते.