आईच्या एकसष्ट लिंका

माझ्या आईच्या आयुष्यातला शेवटचा साधा दिवस गुरुवार होता. २०११ चा एप्रिल, बीदरच्या नौबाद भागातलं आमचं घर, सकाळचे साडेदहा. काका पुढच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते, काकू मेथी निवडत होत्या, आणि मधल्या खोलीत कॉम्प्युटरसमोरच्या बाकावर आई आणि मी दाटीवाटीनं बसलो होतो.

"कितवा नंबर गं आज?" आईनं विचारलं.

"त्रेचाळीस. कालचाच."

"आणि दुसऱ्याचा?"

"चव्वेचाळीस."

"म्हणजे महिनाभर मी बोटं झिजवायलेय, ते एका नंबरासाठी?"

मी हैदराबादच्या एका कंपनीचं काम घरून करायची. लोकांच्या वेबसाइट इंटरनेटवरच्या शोधात वरच्या नंबरावर आणून द्यायच्या, हा कंपनीचा धंदा. त्यासाठी दुसऱ्यांच्या ब्लॉगखाली प्रतिक्रिया लिहायची आणि तिच्यात आपल्या साइटची लिंक चिकटवायची, अशी एक रीत होती. अशा लिंका वाढल्या की पान वर जातं, असं आमचे साहेब ग्राहकांना सांगत. खरंच जातं का, हे कंपनीत कुणी तपासलं नव्हतं. ते तपासायचं काम माझ्याकडे आलं.

प्रयोगाला लागणारी साइट घरातच होती. माझे मोठे काका, नरहरराव, हेडमास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर वधूवर मंडळ चालवत. त्यांच्या साइटवर मी दोन नवी पानं केली. एक विधवांच्या पुनर्विवाहाचं, एक घटस्फोटितांचं. लांबी सारखी, मांडणी सारखी. पहिल्या पानासाठी सहा आठवडे जमतील तेवढ्या ब्लॉगांवर लिंका टाकायच्या, दुसऱ्यासाठी एकही नाही, आणि शेवटी दोघांचे नंबर ताडून बघायचे.

काकांना ती पानं आवडली. 'विधवा भगिनींना समाजात मानाचं स्थान मिळवून देणं हे आमचं ब्रीद आहे,' हे वाक्य त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं. त्यांची विधवा भावजय, म्हणजे माझी आई सुशीलाबाई, तेव्हा स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. त्या पोळ्या सगळे खात. देवाच्या नैवेद्याची पोळी मात्र काकू वेगळी लाटत.

मला वेळ पुरेना, म्हणून लिंका टाकायचं काम मी आईला शिकवलं. ती उदगीरची, मॅट्रिक झालेली. इंग्रजी कळांवरून मराठी अक्षरं उमटवायला ती चार दिवसांत शिकली आणि दुपारी सगळे आडवे झाले की कॉम्प्युटरपुढे बसू लागली. तिला धंद्यातलं सगळंच विचित्र वाटायचं.

"नावाच्या चौकटीत 'पुनर्विवाह बीदर' कामून लिहायचं? माझं नाव सुशीला हाय की."

"आई, सुशीलाला कुणी शोधत नाही."

"व्हय, ते बी खरंच." ती हसली. "आणि त्या सोडलेलीचं पान घरात बसवून ठेवलीस. विधवेलाच तेवढं दारोदार हिंडवायलीस!"

प्रतिक्रियेत काय लिहायचं ते मी तिच्यावर सोडलं होतं. खरी वाटली पाहिजे, म्हणजे ब्लॉगवाले पुसणार नाहीत, एवढंच सांगितलं. संध्याकाळी मी तारीख, ब्लॉगचा पत्ता आणि लिंक जागेवर आहे की नाही, हे तपासून तक्त्यात भरायची. लिंकच्या वर आईनं काय लिहिलंय, ते वाचायची मला कधी गरज वाटली नाही. प्रयोगाला त्याचा उपयोग नव्हता.

त्या गुरुवारनंतरच्या रविवारी माझा साखरपुडा होता. मुलगा गुलबर्ग्याचा, श्रीहरी, कॉलेजात शिकवणारा. आईचं मागणं एकच होतं. अंगठी घालताना तिला स्वयंपाकघराच्या दारातून बघू द्यावं. पुढे येणार नाही, फोटोत येणार नाही, कुंकवाच्या ताटाला हात लावणार नाही. नुसतं दारातून बघेन. त्यासाठी काकांची परवानगी लागणार होती आणि ती मी विचारणार होते. 'विचारते' म्हणून मला तीन आठवडे झाले होते.

"विचारलंस का गं?" आईनं त्याही सकाळी विचारलं.

"आज विचारते."

"घाई न्हाई. रविवारपतोर विचार म्हणजे झालं."

बाराच्या सुमाराला फोन वाजला. काका उभ्यानं ऐकत राहिले, दोनदा "क्षमा असावी" म्हणाले, आणि फोन ठेवून सरळ मधल्या खोलीत आले.

"सोलापूरच्या कुणा बाईचा ब्लॉग आहे म्हणे. हळदीकुंकवावर लिहिलंय. काढ."

मी तक्त्यातून पत्ता उचलला आणि पान उघडलं. हळदीकुंकवाला विधवांनाही बोलवावं, असं त्या बाईंनी लिहिलं होतं. खाली 'पुनर्विवाह बीदर' या नावानं एक प्रतिक्रिया होती. काकांनी चष्मा लावला आणि वर्गात निबंध वाचून दाखवावा तशी ती मोठ्यानं वाचली.

"'ताई, तुम्ही लिहिता ते मनाला पटलं. माझ्या लेकीचा साखरपुडा ठरला आहे. एकोणीस वर्षं मी या घरातल्या प्रत्येक कार्याचा स्वयंपाक केला, पण कार्य एकही पाहिलं नाही. हे एक तरी दारातून पाहायला मिळेल का, ते अजून ठरायचं आहे. काय ठरलं ते तुम्हाला कळवीन.' आणि त्याच्याखाली माझ्या मंडळाची लिंक!" काकांचा आवाज चढला. "श्रीहरीच्या वहिनीनं वाचलं हे. दाबून बघितलं तर माझं नाव, माझा फोटो. कुणी लिहिलं?"

हा माझा प्रयोग आहे, लिंक मी द्यायला लावली, असं मी म्हणू शकले असते. मी माऊसकडे बघत राहिले.

"मी लिहिलं, भाऊजी," आई म्हणाली.

"खायला घालत न्हाई का आम्ही तुला? जगापुढं पदर पसरायलीस ते?"

भाजीचं ताट घेऊन काकू दारात आल्या. "एवढी हौस होती तर त्या पानावर आपलंच नाव घालायचं होतंस की गं सुशीला! नेला असता कुणी तरी म्हातारा. आम्ही काय न्हाई म्हणणार होतो व्हय?"

त्या हसल्या. काकाही किंचित हसले. आई पदराच्या टोकानं कीबोर्डवरची धूळ पुसत होती.

"रविवारी ही मागच्या खोलीत राहील," काका म्हणाले. "पाहुणे गाडीत बसेपर्यंत हिची सावलीसुद्धा दिसता कामा नये. श्रीलक्ष्मी, ऐकलंस?"

"हो, काका," मी म्हणाले.

मागची खोली म्हणजे परसातली पत्र्याची खोली. तिथं रिकामे सिलिंडर, पिंप आणि कार्याची मोठी भांडी असत. रविवारी अकरा वाजता, शालू नेसून, मी आईला तिथं सोडायला गेले. पाण्याचा तांब्या, एक चटई, आदल्या महिन्याचं मासिक. पत्रा एव्हानाच तापला होता. आईनं माझ्या निऱ्या सारख्या केल्या, मग स्वतःच दोन पावलं मागे सरकली.

"अंगठी सैल असली तर दोरा गुंडाळ," ती म्हणाली. "आणि जा आता. घामानं तोंड खराब व्हायलंय तुझं."

परसात पाहुण्यांचे हात धुवायला नळ होता. काकूंनी सकाळीच बजावलं होतं की बायका तिकडं येतील, दार उघडं राहता कामा नये. दार ओढलं तरी ते फटीएवढं परत उघडत होतं. मी ते पुन्हा ओढलं.

"लाव गं कडी," आई आतून म्हणाली. "मी काय पळून जायलेय होय?"

मी बाहेरून कडी लावली.

गुलबर्ग्याची मंडळी बाराला आली. श्रीहरीच्या आईनं विचारलं, "विहीणबाई दिसत नाहीत?" काका म्हणाले, "उदगीरला गेल्यात माहेरी. त्यांच्या भावाचं अचानक दुखणं निघालं." सगळ्यांनी मान हलवली. बोलणं झालं, नारळ फुटले, पंगत बसली. आईनं पहाटे चारला उठून केलेली बासुंदी वाढली गेली आणि तिचं कौतुक झालं. काकूंनी ते घेतलं.

दोन वाजता अंगठीसाठी आम्हाला समोरासमोर बसवलं. तेव्हा मागून आवाज आला. धप्, धप्, थोडं थांबून पुन्हा धप्. पत्र्यावर तळहात मारावा तसा.

"काय वाजायलंय?" कुणीतरी विचारलं.

"नागम्मा हाय, कपडे आपटायलीय," काकू म्हणाल्या.

कामाला येणारी नागम्मा त्या वेळी पाण्याचे पेले घेऊन माझ्यासमोर उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी हात पुढे केला. अंगठी सैल नव्हती, बरोबर बसली.

आवाज आणखी दोनदा आला आणि मग आला नाही.

साडेतीनला पाहुणे चहा घेत असताना नागम्मा माझ्या कानाशी वाकली. "अक्का, अम्मा उठंना झालेत."

आई दाराशी होती, बसल्या बसल्या एका कुशीवर कललेली. तांब्या रिकामा होता. रक्तदाबाच्या गोळ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर राहिल्या होत्या. मी काकांना बोलावलं. त्यांनी तिच्या नाकाशी बोट धरलं, उठले आणि म्हणाले, "पाहुणे जाऊ दे."

पाहुणे साडेचारला गेले. काकांनी गाडीपाशी हात जोडून निरोप दिला. मग घरात ठरलं की आई संध्याकाळी उदगीरहून परतली आणि झोपेत गेली. साखरपुड्याच्या दिवशी मृत्यू नको, म्हणून मृत्यू दुसऱ्या दिवसावर ढकलला गेला. सोमवारी सकाळपर्यंत ती त्याच खोलीत होती. ओळखीच्या डॉक्टरांनी सहा वाजता येऊन कागद लिहून दिला. दहा वाजता गल्लीतल्या बायका म्हणत होत्या, "पुण्यवान बाई. लेकीचं शुभकार्य ठरलं आणि गेली."

मी त्यांना पाणी दिलं.

बेचाळिसावा दिवस सुतकात आला. कंपनीला अहवाल द्यायचा होता. विधवांचं पान एक्केचाळिसाव्या नंबरवर आणि घटस्फोटितांचं बेचाळिसाव्या. सहा आठवड्यांत एकसष्ट लिंका टाकलेलं पान दोन नंबर वर गेलं होतं, आणि एकही न टाकलेलंही दोनच. 'काही फरक पडत नाही,' असं मी अहवालात लिहिलं. साहेबांनी आभार मानले.

मग मी तक्ता पहिल्यापासून उघडला आणि एकेका पत्त्यावर गेले. बऱ्याच ब्लॉगवाल्यांनी जाहिरात समजून आईचं लिहिणं पुसून टाकलं होतं. सतरा प्रतिक्रिया उरल्या होत्या. त्या मी पहिल्यांदा वाचल्या.

लोणच्याच्या एका ब्लॉगवर तिनं लिहिलं होतं, 'मीठ आधी भाजून घ्या, म्हणजे वर्षभर बुरशी येत नाही. माझ्या हातचं लोणचं सगळ्यांना आवडतं. लग्नाच्या रुखवतात तेवढं ठेवत नाहीत.' बीदरच्या किल्ल्याचे फोटो टाकणाऱ्या एका मुलाला लिहिलं होतं, 'बाळा, फोटो पाहून बरं वाटलं. मी या गावात सव्वीस वर्षं राहते. किल्ला रिक्षातून एकदा दिसला होता.' बाळंतिणीच्या आहाराच्या पानावर डिंकाच्या लाडवाची सगळी कृती देऊन शेवटी, 'माझ्या लेकीचं मी करीनच, पण तेव्हा मला खोलीत येऊ देतील का माहीत नाही, म्हणून लिहून ठेवते.' प्रत्येकीखाली निळ्या अक्षरांत विधवा भगिनींच्या मानाच्या पानाची लिंक होती.

महिनाभर ती माझ्याच बाकावर बसून हे लिहीत होती, आणि मी तपासत होते की लिंक लागली की नाही.

गुलबर्ग्याच्या मंडळींनी वर्षभर थांबायची तयारी दाखवली. मी अंगठी परत पाठवली आणि कारण कळवलं नाही. काकांनी महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं. मी खालमानेनं स्वयंपाक करायला लागले. आईची जागा रिकामी होती, ती मी भरली.

डिसेंबरात मंडळाचा वधूवर मेळावा झाला. गावातल्या एका सभागृहात चारशे माणसं. भालकी, हुमनाबाद, औराद, उदगीर, सगळीकडून आलेली. काकांनी विधवांच्या पुनर्विवाहावर वीस मिनिटं भाषण केलं. ते उत्तम वक्ते आहेत. टाळ्या थांबल्यावर ते म्हणाले, "आमची साइट माझ्या पुतणीनं केली. तिला आई नाही, पण आम्ही काही कमी पडू दिलं नाही. श्रीलक्ष्मी, साइटबद्दल दोन शब्द सांग."

मी माइकसमोर उभी राहिले. पुढच्या सगळ्या खुर्च्यांवर जोडपी होती. मागच्या भिंतीजवळ, खुर्च्या रिकाम्या असतानाही, दहा-बारा बायका उभ्या होत्या. त्यांच्या कपाळाकडे बघून त्या तिथं का उभ्या आहेत, ते कळत होतं.

"त्या साइटवर विधवांना मान देण्याचं एक वाक्य आहे," मी म्हणाले. "ते खोटं आहे. मीच टाइप केलंय. ज्या दिवशी माझा साखरपुडा झाला, त्या दिवशी माझी आई उदगीरला नव्हती. परसातल्या पत्र्याच्या खोलीत होती. ती झोपेत गेली नाही."

काकांनी बाजूला खूण केली आणि माइक बंद झाला. सभागृहात इतकी शांतता होती की मला त्याची गरज उरली नाही.

"मागच्या ताईंनो, पुढं येऊन बसा. आणि पुढं बसलेल्यांनी ऐका, घरात कुणाला कोंडून आला असाल तर परत जाताना आठवेल. दोन वाजता ती पत्रा वाजवत होती. कपडे आपटायचा आवाज नव्हता तो. मला कळलं होतं. मी उठले नाही, मी अंगठीसाठी हात पुढं केला." काकू माझा दंड ओढत होत्या. मी हात सोडवून घेतला. "आणि त्या दाराला बाहेरून कडी माझ्या काकांनी लावली नव्हती. मी लावली होती."