निळ्या पेटीतले दूध

मित्रांनो, मालवणच्या बंदरावर माझ्यासारख्या निळ्या पेट्या ढिगाने पडलेल्या असतात. त्यामुळे कुणीही मला पाहिले की म्हणते, ही माशांची पेटी. मी मात्र उभ्या आयुष्यात एकही मासा पोटात घातलेला नाही. मी एक जुनी, झाकणाला चीर गेलेली शीतपेटी आहे, आणि माझे आयुष्य एका डॉक्टरच्या संशोधनात गेले. स्वभावाने मी अगदी घाबरट. प्लास्टिकला कसली आली भीती, असे तुम्ही म्हणाल. पण दुसऱ्याची जिवाभावाची वस्तू एकदा पोटात ठेवून बघा, म्हणजे कळेल.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. प्लास्टिकच्या दोन भिंतींमध्ये फेस भरून मला बनवले, म्हणजे बाहेरचे ऊन आत येऊ नये आणि आतला गारवा बाहेर जाऊ नये. तिथून मी मालवणच्या एका दुकानात आले आणि जाळ्यांच्या शेजारी बरेच दिवस धूळ खात बसले. मग एके दिवशी डॉक्टर तेजस्वी आल्या. त्यांनी मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला एकदमच उचलले. बहीण गेली त्यांच्या आईकडे, आचऱ्याच्या आनंदीबाईंकडे. आनंदीबाईंचा मुलगा सुदेश डोंबिवलीला असतो. मुलगा तिकडे नोकरीला गेला की त्याच्यामागून बर्फातली मासळी बसने पाठवायची, ही आमच्याकडची रीतच आहे. माझे नशीब वेगळे निघाले.

डॉक्टर तेजस्वींनी शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत अकरा वर्षे एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला होता. एचआयव्ही नावाचा विषाणू माणसाच्या शरीरात शिरतो कसा, आणि कधी कधी दारातूनच माघारी का जातो? आईच्या अंगात तो असला तर दुधातून बाळाकडे जाऊ शकतो. पण औषधे नव्हती त्या काळातही असे दूध पिणारी बहुतेक बाळे सुटत. ती कशी सुटली? उत्तर शोधायला डॉक्टर आपल्या जिल्ह्यात परत आल्या आणि कुडाळला दोन खोल्यांत त्यांनी छोटी प्रयोगशाळा थाटली.

सुरुवातीला त्या गावोगाव जात ते लाल फुलीची पांढरी पेटी घेऊन. ती पेटी ज्या घरात शिरे, त्या घराची चर्चा संध्याकाळपर्यंत वाडीभर होई. मग बायका दारच उघडेनात. यातून वाट काढली ती शेवंतीने. शेवंती आचऱ्याच्या तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, मासे विकते. तिचा नवरा बोटीवर होता. तो आजारपणात गेला आणि जाताना तो विषाणू तिच्या रक्तात ठेवून गेला. तेव्हा तिच्या पोटात अनुजा होती. शेवंती रोज न चुकता गोळ्या घेत असे, आणि तिला काय झाले आहे हे डॉक्टरांशिवाय गावात कुणालाही ठाऊक नव्हते.

"मॅडम, ती पांढरी पेटी घेऊन येव नकात," ती म्हणाली. "माशांची पेटी घेऊन येवा. आचऱ्यात माशांच्या पेटयेक कोण विचारीत नाय."

अशी मी कामाला लागले. महिन्यातून एकदा मी शेवंतीच्या मागच्या दाराने आत जाई. ती छोट्या नळ्यांत दूध काढून देई. डॉक्टर त्या नळ्या स्टीलच्या डब्यात बंद करत आणि डबा माझ्या बर्फात ठेवत. दुधातल्या पेशी जिवंत हव्या असत, म्हणून डबा त्याच दिवशी कुडाळला पोचला पाहिजे असे. वाटेत माझा जीव टांगणीला लागलेला असे. बर्फ पुरेल ना, टायर पंक्चर होणार नाही ना, हाच घोर.

एकदा शेवंतीने विचारले, "मॅडम, ह्या दुधात तुमी बघतास तरी काय?"

"तोंडापासून आतड्यापर्यंत आपल्या आत एक ओला अस्तर असता गो," डॉक्टर म्हणाल्या. "विषाणू थंयसून आत शिराक बघता. तेका अडवणारे शिपाय बाळाक आयेच्या दुधातून गावतत."

"म्हणजे विष पण माझ्याच दुधात आणि शिपाय पण माझ्याच?"

"गोळ्यो घेतस म्हणान विष आता नावाक उरला. शिपाय किती आसत, ता माका मोजूचा आसा."

शेवंती त्यावर खूप वेळ अनुजाकडे बघत राहिली. डॉक्टरांच्या कामाचे कौतुक मोठमोठ्या सभांमध्ये झाले असेल, पण मला ते या एका नजरेत दिसले. त्या दिवशी मला माझा फार अभिमान वाटला.

आता माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस सांगते. अनुजाला वर्ष झाले होते आणि आदल्या दिवशीपासून तिने दूध सोडले होते. शेवंतीने कसेबसे शेवटच्या दोन नळ्यांपुरते दूध दिले. असे दूध आता पुन्हा मिळणार नव्हते. शेवटची भेट म्हणून तिने संशोधनातला आपला भाग पूर्ण झाल्याच्या कागदावर सही केली. त्यावर तिचे पूर्ण नाव होते आणि आजाराचेही. नळ्यांवर नेहमी नुसते आकडे असत. नावाचा कागद माझ्यात कधीच ठेवत नसत. पण डॉक्टरांचे हात भरलेले होते. आईच्या घरी जेवायला गेले की पिशवीत घालू, असे म्हणून त्यांनी तो कागद माझ्या झाकणाखाली खोचला. आणि घरी जेवताना विसरल्या. चूक झाली ती तिथे.

आनंदीबाईंच्या पडवीत त्यांनी मला सावलीत ठेवले. शेजारी माझी जुळी बहीण सुरमईने भरून तयार होती. माझ्यात काय असते हे डॉक्टरांनी आईलाही कधी सांगितले नव्हते. शेवंतीला तसा शब्दच दिला होता. डॉक्टर आत जेवत असताना सुरमईची पेटी बसवर पोचवायला रिक्षावाला शिवा आला. आनंदीबाईंनी स्वयंपाकघरातूनच सुदेशच्या पत्त्याची चिठ्ठी त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "पडवीतली निळी पेटी घे रे!" शिवाने दाराजवळची पेटी उचलली. दाराजवळ होते मी.

मी ओरडले असते तर! पण पेटीला तोंड असते ते फक्त वस्तू ठेवायला. मालवणला पत्त्याची चिठ्ठी माझ्या पाठीवर चिकटली आणि चार वाजता मी मुंबईच्या बसच्या पोटात गेले. आजूबाजूला खऱ्या माशांच्या पेट्या होत्या. अंधार होता, इंजिनाची धग होती. बर्फाचे थेंबाथेंबाने पाणी होताना मला आतून कळत होते. आणि त्याहून मोठी भीती वेगळीच होती. डोंबिवलीत सुदेशची बायको नम्रता मला उघडणार होती. नम्रता आचऱ्याचीच, शेवंतीच्या वाडीतली. तिने तो कागद वाचला की शेवंतीचे नाव सकाळच्या पहिल्या फोनबरोबर वाडीत पोचले असते. मग तिठ्यावर तिच्या टोपलीतला मासा कोण घेणार? अनुजाला कोण खेळायला घेणार? मित्रांनो, मला रडता येत नाही, पण त्या दिवशी माझ्या बुडातून पाणी गळत होते.

सव्वापाचला बस कणकवलीत थांबली. मला खाली उतरवून बस कंपनीच्या कचेरीच्या पायरीवर ठेवले. कचेरी सांभाळणारा बाबू फोन माझ्या झाकणावर ठेवून मोठ्या आवाजावर बोलत होता. पलीकडे डॉक्टर होत्या. कुडाळला पोचून त्यांनी पेटी उघडली होती आणि आत सुरमई निघाली होती.

"बाबू, ती पेटी माझी. उघडू नको. मी गाडयेत बसलंय, पाऊण तासात पोचतंय."

"मॅडम, मी आताच तुमच्या आयेक फोन केलंय. ती म्हणता, सुरमई. तुमी म्हणतास, सुरमई नाय. मगे आसा काय आत?"

"तपासणीचे नमुने."

"कसले?"

शेवंतीला दिलेल्या शब्दामुळे डॉक्टरांना ते सांगता येत नव्हते.

"गेल्या महिन्यात अशाच एका पेटयेत गोव्याची दारू गावली," बाबू म्हणाला. "पोलिसांनी माका चार तास बसवन ठेवल्यानी. बघितल्याशिवाय मी पेटी ठेवन घेवचंय नाय. धा मिनिटांत बस सुटतली. उघडू की धाडू मुंबयक?"

बाबूचेही काही चुकत नव्हते. उघडले तर शेवंतीचे नाव जाणार, न उघडता पाठवले तर नाव जाणार आणि दूधही. डॉक्टरांनी दोन मिनिटे मागितली आणि फोन ठेवला. क्लीनर लवू माझ्याभोवती घिरट्या घालू लागला. दोन-चार उतारू चहाचे कप घेऊन बघायला आले. ती दोन मिनिटे मला माझ्या सगळ्या आयुष्याहून लांब वाटली.

फोन पुन्हा वाजला तेव्हा बाबूने तो उचलून कानाशी धरला. पण तो माझ्यावर वाकलेला होता, म्हणून फक्त मला ऐकू आले.

"बाबूदा, मी शेवंती. आचऱ्याच्या तिठ्यावर मासे इकतंय ती."

"वळाखलंय गो. तू खंय मधीच?"

"मॅडमनी माका इचारल्यानी, म्हणान मीच बोलतंय." ती एका दमात बोलत सुटली. "त्या पेटयेत माझा दूध आसा. तपासूक दिलला. माझ्या रक्तात एचआयव्ही आसा. आत कागद आसा, तेच्यावर माझा नाव आसा. तू वाचूच्या आधी मीच सांगतंय. आता उघड, आणि पयलो बर्फ घाल. चेडवान दूध सोडल्यान, ह्या आता परत गावचा नाय."

बाबूचा एक हात माझ्या झाकणावर होता. तो त्याने काढून घेतला. मित्रांनो, तो हात दूर गेला तेव्हा मी मनातून पार खचले.

"हात लावल्यान काय होणा नाय रे," न बघताही कळल्यासारखी शेवंती हळू म्हणाली.

"ठावक आसा माका," बाबू म्हणाला. पण हात लगेच परत आला नाही. त्याने आधी लवूला हाक मारली आणि रस्त्यापलीकडच्या मासेवाल्याकडून बर्फ आणायला पिटाळले. मग उतारूंकडे पाठ करून तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने झाकण उघडले. कागद सगळ्यात वर होता. त्याने तो उचलला, घडी न उघडता डब्याखाली सरकवला आणि ओंजळीओंजळीने बर्फ भरू लागला. त्याचे हात थंडीने लाल झाले तरी तो भरतच होता.

"काय आसा रे त्यात?" लवूने मान लांब करून विचारले.

बाबूने झाकण दाबून बसवले आणि वर स्वतः बसला. "सुरमई," तो म्हणाला. "दुसरा काय असतला? जा, बस सुटली."

डॉक्टर आल्या तेव्हाही तो तसाच बसलेला होता. त्याने काही न विचारता मला उचलून त्यांच्या गाडीत ठेवले. त्या दिवशी दूध वेळेवर पोचले, पेशी जिवंत होत्या. सुदेशला मात्र सुरमई मिळाली नाही, म्हणून तो आठ दिवस आईवर फुगून होता.

आता माझ्या जागी तापमान दाखवणारी नवी पेटी आली आहे आणि मी टेबलाखाली जुन्या फायलींबरोबर पडून असते. माझ्याकडे कुणी बघत नाही, याचे मला थोडे वाईट वाटते. पण ते चालायचेच. अनुजाला आता दोन वर्षे झाली. तिची शेवटची तपासणी झाली, तिच्या रक्तात विषाणू नाही. शेवंती मात्र अजून औषधांसाठी आणि तपासणीसाठी इथे येते. बाबूने आजवर कुणाकडे अवाक्षर काढलेले नाही. तरी दारातून आत येण्याआधी ती थांबते आणि आपल्याला कुणी पाहिले का, म्हणून मागे वळून बघते.

मित्रांनो, माझी काळजी घेऊ नका, मी प्लास्टिकची आहे. तिला मागे वळून बघावे लागणार नाही, एवढी काळजी घ्या.