धायरीतल्या जुन्या जीपची गळती

मित्रांनो, सोसायटीच्या पार्किंगमध्ये अगदी टोकाला, ताडपत्रीखाली काहीतरी झाकून ठेवलेलं दिसतं ना, ती मी. फोर बाय फोरची जुनी जीप. मागची चाकं चिखलात रुतली तर पुढची ओढतात आणि पुढची रुतली तर मागची ढकलतात, अशी माझी घडण.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या अंगावर सरकारी रंग होता. साहेब लोक माझ्यात बसून कालव्यांची कामं पाहायला जात, म्हणजे बहुधा जेवायला जात. पुढे लिलावात धायरीच्या संपतरावांनी मला घेतलं आणि मी कामाला लागले. गवताचे भारे, मेथीच्या जुड्या, शेणखत, नवरानवरी, अडलेली बाळंतीण; माझ्यात काय बसलं नाही ते विचारा. सिंहगडाच्या पायथ्याच्या वाड्यांवर भर पावसाळ्यात मी चढून जायचे. संपतरावांच्या पत्नी मुक्ताई शेतात माझ्यावरच गाडी शिकल्या. शेजाऱ्याचा बांध थोडा कमी झाला, पण शिकल्या. पारावरची माणसं म्हणायची, "जीप असावी तर संपतरावांच्यासारखी." तेव्हा मला फार बरं वाटायचं.

मग धायरीचं शहर झालं. शेत बिल्डरला गेलं, त्यावर ही इमारत उभी राहिली. संपतरावांना दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला आणि मला ही जागा. मी उभी आहे तिथे पूर्वी वांगी व्हायची.

गेल्या माघात संपतराव झोपेतच गेले. मुक्ताई रडल्या नाहीत. दहाव्याला नाहीत, तेराव्यालाही नाहीत. आल्यागेल्याला चहा द्यायच्या, पुढ्यात ताट आलं तर जेवायच्या, बाकी वेळ खिडकीत बसून असायच्या. खाली आल्या तरी माझ्याकडे बघायच्या नाहीत. मलाही राग आला नाही. धूळ बसत गेली, मी बसू दिली. आमच्या दोघींच्या आत काहीच हलत नव्हतं.

त्यांची मुलगी राजनंदिनी कर्वेनगरला एका कॉलेजात शिकवते. इंजिन आखडू नये म्हणून ती दर रविवारी येऊन मला सिंहगड रस्त्यावर एक चक्कर मारून आणायची. चक्कर झाली की मी गळायला लागायचे. मागची दोन्ही चाकं ज्या जाड नळकांड्याच्या टोकांना बसवतात, त्याला एक्सल म्हणतात. त्याच्या पोटात दाट तेल असतं. ते तेल चाकांजवळून झिरपायचं आणि फरशीवर काळी थारोळी व्हायची.

धायरी फाट्यावर उत्तरेश्वरचं गॅरेज आहे. तो मूळचा केजकडचा. त्याने एक्सलच्या टोकांची रबरी सीलं बदलली. चार दिवस कोरडे गेले, पुन्हा गळती. त्याने परत सीलं बदलली. पुन्हा तेच. बिचारा राजनंदिनीचा फोन उचलायला कचरू लागला.

सोसायटीचे सेक्रेटरी अनंतराव एकदा वर जाऊन आले. "मुक्ताताई," ते म्हणाले, "आपण खाली फरशी बसवली आहे, तेलाचा घाणा नाही. रविवारपर्यंत गळती तरी थांबवा, नाहीतर गाडी तरी हलवा."

"भंगारवाल्याला सांगा," मुक्ताई म्हणाल्या.

राजनंदिनी तिथेच होती. "आई, बाबांची जीप आहे ती."

"मग काय झालं? लोखंड हाय. न्हेऊ दे."

भंगार म्हणजे काय, हे मला पुरतं ठाऊक होतं. आधी काचा काढतात, मग गॅसने कापतात. तरी मला भीती वाटली नाही. असंही होतं, मित्रांनो. भीती वाटायलासुद्धा आत थोडी धुगधुगी लागते.

राजनंदिनीला मात्र चैन पडेना. तिला माझी काळजी होतीच, पण आईची जास्त होती. हीसुद्धा गेली तर आई त्या खिडकीतून उठणारच नाही, असं ती उत्तरेश्वरला म्हणाली. शनिवारी सकाळी तिने त्याला बोलावलं आणि आईलाही हाताला धरून खाली आणलं. उत्तरेश्वरने मला आधी खडकवासल्यापर्यंत दामटून आणलं आणि मी तापलेली असतानाच तो खाली शिरला.

"काकू," तो खालून म्हणाला, "सील नवं असून गळतंय म्हणजे खोट सीलात न्हाई. गाडी पळाली की आत हवा फुगती. ती जायला एक्सलच्या डोक्यावर बारकी टोपी असती, भोकाची. ती बुजली की हवा तेलाला सीलातनं भाईर ढकलती."

"मग ती मोकळी कर," राजनंदिनी म्हणाली.

"घावंना ना, ताई. इथं नुसता रंग हाय, थरावर थर. खरवडावा लागंल सगळा."

"रंगाला हात लावू नको," मुक्ताई म्हणाल्या. इतक्या महिन्यांत त्यांच्या आवाजाला पहिल्यांदाच धार आली.

तो रंग पोळ्याचा होता. शेत गेलं तेव्हा बैलही गेले, पण भाद्रपदातला पोळा आला की संपतरावांना करमेना. मग ते मला धुवायचे, बंपरला शिंगं समजून रंगवायचे, आणि मुक्ताई बॉनेटवर पुरणपोळीचा नैवेद्य ठेवायच्या. सोसायटीतली पोरं हसायची. संपतराव म्हणायचे, "हसा लेको. हिच्या जिवावर खाल्लंय आम्ही." डब्यात रंग उरला की टाकवेना, म्हणून तो माझ्या पोटाखाली, एक्सलला फासायचे. दर पोळ्याला एक थर.

 राजनंदिनी हळूच म्हणाली, "आई, उद्या भंगारवाला रंगासकटच नेईल."

 मुक्ताईंनी पदर खोचला, पोतं अंथरलं आणि त्या माझ्याखाली सरकल्या. "दे ती पट्टी," त्या उत्तरेश्वरला म्हणाल्या, "मीच खरवडते."

वरचा पिवळा निघाला. त्याखाली हिरवा, मग निळा. "हा राजनंदिनीच्या लग्नाच्या वर्षीचा," त्या पुटपुटल्या. सगळ्यात खाली हिंगुळासारखा लाल. तोही निघाला आणि टोपी दिसली. उत्तरेश्वरने ती पान्याने सैल केली, तशी कोंडलेली हवा फुसकन बाहेर पडली.

मुक्ताई त्या टोपीकडे बघत राहिल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "बैलाची शिंगं रंगवत्यात. नाक कशापायी रंगवलंत?"

संपतराव गेल्यापासून त्या त्यांच्याशी पहिल्यांदा बोलल्या. उत्तरेश्वर गुपचूप बाहेर सरकला आणि उगाच हात पुसत बसला.

रविवारी भंगारवाल्याचा टेम्पो फाटकाशी आला, तेव्हा राजनंदिनी मला नेहमीची चक्कर मारून आणून बसली होती. अनंतराव गुडघ्यावर बसून, मोबाईलचा उजेड पाडून माझ्याखाली बघत होते. "थेंब दिसत नाही," ते म्हणाले. आवाज किंचित नाराजच होता.

"न्हाय ना?" मुक्ताई माझ्या स्टिअरिंगमागे चढत म्हणाल्या. "मग बाजूला व्हा. गाडी काढायचीय."

सिंहगडाच्या वाटेवर डोणज्याच्या पुढे, चढाला लागायच्या आधी त्यांनी मला कडेला घेतलं. इंजिन चालूच ठेवलं, कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं आणि त्या रडल्या. मोठ्याने, गळा काढून. मी नुसती थरथरत उभी राहिले. माझं इंजिन चालू असलं की मी थरथरतेच, पण त्या दिवशी मलाही आतून काहीतरी वाटलं.

म्हणून सांगते मित्रांनो, जुन्या गाड्यांवर माया करा, धुवा, रंगवा, पण त्यांच्या श्वासाचं भोक बुजवू नका. आणि घरात कुणी असं गप्प झालं, तर त्याला घाईने भंगारात काढू नका. जवळ जाऊन बसा आणि कुठे कोंडलंय ते हाताने शोधा. वेळ लागतो. मुक्ताईंना त्या चढाच्या तोंडाशी तासभर लागला, आणि मग त्यांनी डोळे पुसून पहिला गिअर टाकला.