परतीची रेघ

मी भिंतीवरून बोलतेय. मान जरा वर करा, नोंदणीच्या खिडकीच्या वर बघा. हां, तीच मी. चार मोठे कागद चिकटपट्टीने जोडून केलेली, चौकोनांची आणि बाणांची आकृती. साहेब मला मॉडेल म्हणतात. झाडणाऱ्या मावशी म्हणतात, "ते भिंतीवरचं जाळं." मला दोन्ही चालतं. बोलायची हौस आता राहिली नाही, पण या आठवड्यात मला उतरवणार आहेत, म्हणून सांगून टाकते.

हे पाय बनवायचं केंद्र. ज्यांचा पाय गुडघ्याखाली किंवा गुडघ्यावर कापावा लागला, ते इथे येतात आणि नवा पाय लावून चालत जातात. पूर्वी इथलं सगळं काम ओरडून चालायचं. "अहो, त्या उंच मामांचा साचा वाळला का?" असं एकाने इकडून विचारायचं, आणि तिकडून कुणीतरी भलत्याच मामांचं उत्तर द्यायचं. एकदा तर डाव्या पायवाल्याला उजवा पाय तयार करून ठेवला होता. तेव्हा साहेबांनी ठरवलं, आता सगळं संगणकावर न्यायचं. त्यासाठी एक बाई आली. तिचं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही. बोटाला कायम मार्करची निळी शाई, म्हणून सगळे तिला रेघाताई म्हणायला लागले.

संगणकाची व्यवस्था काही थेट बांधायला घेत नाहीत. आधी तिचं मॉडेल करतात. कोण येतं, काय सांगतं, ते कुणाकडे जातं, तिथून पुढे कुठे. एकेक काम म्हणजे एक चौकोन. एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी माहिती म्हणजे बाण. घराचा नकाशा बघून जसं म्हणता येतं, अगंबाई, इथे दार ठेवलं तर झोपायची खोली थेट रस्त्यावर उघडेल, तसंच हे. कागदावर भिंत पाडली तर धूळ उडत नाही. यंत्रात पाडायची म्हटली की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या.

रेघाताईची एक पद्धत होती. कोटाचं एक तुटकं बटण घेऊन ती माझ्यावरून चालवायची. बटण म्हणजे पेशंट. "आता मी आलेय दारात. मला चालवा," असं म्हणायची. मग सगळे आपापल्या जागेवरून सांगायचे, "नोंदणी," "माप," "प्लास्टरचा साचा," आणि त्यानंतर "सॉकेट." सॉकेट म्हणजे नव्या पायाचा वरचा खोलगट भाग, ज्यात उरलेला पाय बसतो. मग "चालून बघणं." तिथे पाय टोचला, डगमगला, तर "नापास," आणि बटण मागे साच्याकडे. जमला तर "पाय दिला," आणि बटण कागदाच्या कडेवरून खाली, ताईच्या तळहातात.

"आणि दिल्यावर?" तिने विचारलं होतं. "परत कुणी येतं का?"

सगळ्यांनी साचेवाल्या काकांकडे बघितलं. या केंद्रातले निम्मे साचे काकांच्या हातचे, आणि काकांचा तोरा असा की साहेबसुद्धा त्यांच्याशी उभं राहून बोलत. कोपरापर्यंत प्लास्टर लागलेले हात तसेच वर धरून काका म्हणाले, "माझ्या हातचा पाय परत येत नाही, ताई. आलाच, तर नाचून दाखवायला येतो."

सगळे हसले. ताईही हसली. मागे येणारा बाण राहिला तो राहिलाच.

मला मात्र भिंतीवरून मागचं दार दिसायचं. जेवणाच्या सुट्टीत त्या दाराशी माणसं बसलेली असायची, मांडीवर आपापला पाय घेऊन. कापून उरलेला पाय जिवंत असतो हो. तो सुजतो, सुकतो, बारीक होतो, आणि मग सॉकेट सैल पडतं. काका डबा अर्धा टाकून उठायचे, आतून मऊ पट्टी लावायचे, चामडं आवळायचे आणि माणसाला वाटेला लावायचे. यात चूक कुणाचीच नव्हती. पण दिलेला पाय परत आला की सासरी दिलेली लेक भांडून माहेरी आल्यासारखं काकांना वाटायचं. ते चारचौघांत बोलायचे नाहीत आणि त्यांचा मान म्हणून बाकीचेही गप्प राहायचे. त्या मागच्या दाराचा चौकोन माझ्यात कुणी काढलाच नाही.

मग यंत्रवाले आले. ते दुसऱ्या इमारतीत बसायचे. त्यांनी माझा एक फोटो काढला, साहेब म्हणाले, "हे फायनल," आणि त्या फोटोवरून सगळी व्यवस्था बांधली गेली, जुन्या पेशंटांच्या नोंदीही त्यात भरल्या. मी इथे भिंतीवर, आणि माझं रूप तिकडे यंत्रात. चालू झाल्यावर लोक खूश. डावा-उजवा घोळ संपला, ओरडणं संपलं. मलाही जरा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. फक्त एक झालं. पट्टी, चामडं, गोंद, सगळं सामान कुलपात गेलं. यंत्राने कामाचा नंबर दिल्याशिवाय काही मिळेना. मागचं दार उघडंच होतं, पण तिथे बसून काका करणार काय, रिकाम्या हाताने?

अशात एका गुरुवारी बसवाल्या बाई आल्या. बसमध्ये तिकिटं देणाऱ्या. अंगावर गणवेश, आणि चाल अशी की बघणाऱ्याच्याच पायात गोळा यावा.

खिडकीतली मुलगी म्हणाली, "बाई, यात तुमचं काम पूर्ण दाखवतंय."

"त्याला म्हणावं, ये आणि माझ्या बसमध्ये उभा राहा."

"त्रास काय होतोय?"

"तीन मोजे चढवलेत एकावर एक, तरी आत डुगडुग हलतोय. सोमवारी आमच्या खात्याचे डॉक्टर तपासणार आहेत, चालत्या बसमध्ये उभं करून. नाही जमलं तर हरवलेल्या छत्र्यांच्या खिडकीत बसवतील मला. बसून राहायचं, दिवसभर! वेड लागेल मला. लोकांशी भांडल्याशिवाय जेवण पचत नाही माझं."

"नवीन पेशंट म्हणून घालू का?"

"मग कधी होईल?"

"नव्यांची रांग दोन महिन्यांची आहे."

बाई बाकावर बसल्या आणि त्यांनी पाय काढून ठेवला. काका आतून आले, त्यांनी पाय हातात घेतला, सॉकेटमध्ये बोट फिरवलं आणि सामानाच्या कुलपाकडे बघितलं. घटकाभराचं काम होतं. पण नंबर कुठून आणणार?

रेघाताई त्या दिवशी साहेबांकडे आलेली होती. तिला बोलावलं. तिने पर्समधून बटण काढलं, माझ्यावर "पाय दिला" या चौकोनावर ठेवलं आणि मागे कुठे नेता येतं ते बघत राहिली. साहेब म्हणाले, "नवा रस्ता टाकायचा तर पुढच्या टप्प्यात. आता यंत्रवाले हात लावणार नाहीत."

"मग आहे तो एकच," ताई हळूच म्हणाली. "दिलेला रद्द करून 'चालून बघणं'मध्ये न्यायचं आणि नापास करायचं. मग साच्याकडे जातं, आणि नंबर आज मिळतो." ती काकांकडे वळली. "पण काका, नापास लावलं की बनवणाऱ्याचं नाव लागतं."

बाई ताडकन उठल्या, एका पायावरच. "नापास कसला? दोन वर्षं उभी आहे मी याच्यावर! एक नंबर पाय आहे. मीच वाळलेय."

"यंत्राला वाळणं कळत नाही, बाई. दिला आणि नापास, एवढंच शिकवलंय आम्ही त्याला."

काकांनी हात पुसले. हात स्वच्छ होते, तरी पुसले.

"आजवर माझे नापास किती?"

"एकही नाही, काका."

"राहू दे हो," बाई म्हणाल्या. "बसेन छत्र्यांत."

"तुम्ही गप्प बसा," काका म्हणाले आणि खिडकीतल्या मुलीकडे वळले. "लाव पोरी. नापास लाव." आणि मग ताईकडे न बघता म्हणाले, "तू त्या दिवशी विचारलंस ना, परत येतात का. येतात. सगळेच येतात."

"तेव्हा सांगितलं असतं, काका..."

"तेव्हा मान गेला असता. आता मानही गेला आणि यंत्रही बांधून झालं."

ताई भिंतीकडे वळली. तिने मार्कर काढला, तो सुकलेला. मग पेन्सिलीने तिने "पाय दिला"पासून एक रेघ काढली, सगळ्या चौकोनांच्या खालून, पार मागे "माप" या चौकोनापर्यंत. माझ्यातली सगळ्यात लांब रेघ. "आता कच्ची राहू दे," ती म्हणाली. "मंजूर झाली की शाईने गिरवते."

मंजूर झाली नाही. ताईला दुसऱ्या कामावर पाठवलं.

बाई मात्र पास झाल्या. मंगळवारी गणवेशात आल्या, खिडकीसमोर नुसत्या त्या दुरुस्त पायावर उभ्या राहिल्या आणि काकांना म्हणाल्या, "मारा धक्का. मारा, बघू!" काकांनी धक्का काही मारला नाही, पण कितीतरी दिवसांनी त्यांच्या मिशीत हसू बघितलं मी.

 वाट सापडली की माणसं त्याच वाटेने जातात. ज्याचा पाय सैल झाला, त्याला नापास लावायचं, असंच होऊन बसलं. आणि सगळ्यात जास्त कुणाचे पाय परत यायचे? काकांचे. कारण तेच वापरले जायचे. खाटेखाली धूळ खात पडलेला पाय सैल होत नाही, तो घेऊन कुणी येत नाही. काकांचे पाय बस चढायचे, शिड्या चढायचे, लेकरांमागे धावायचे, म्हणून परत यायचे. साहेबांच्या पडद्यावर मात्र काकांच्या नावापुढचा नापासांचा लाल खांब वाढत गेला.

एक दिवस काकांना साच्यांवरून काढलं. आता ते कुबड्यांना रबर लावतात.

बाईंना कळलं तेव्हा त्या साहेबांच्या केबिनमध्ये दार न वाजवता शिरल्या. आवाज इथपर्यंत येत होता.

"बाई, आकडे बोलतात," साहेब म्हणाले.

"मग मलाही बोलू द्या की! मी काय मुकी आहे?"

साहेबांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि म्हणाले, नवी व्यवस्था येतेय, त्यात बघू.

ती आता येतेय. नवा माणूस येऊन गेला. भला दिसतो. त्याचं मॉडेल भिंतीवर नसतं, पडद्यावर असतं. त्याने जुन्याचा आधार म्हणून माझा फोटो काढला आणि फोटो बघत म्हणाला, "अगदी स्पष्ट आलाय." मी तो फोटो लांबून बघितला. निळ्या रेघा सगळ्या आल्यात. पेन्सिलीची आली नाही.

मला उतरवा. गुंडाळा, कपाटावर टाका, नाहीतर मावशींना द्या, फळ्यांवर अंथरायला कामी येईन. माझी कडा फाटलीय, चिकटपट्टी पिवळी पडलीय, आणि उभं राहून राहून मीही थकलेय. पण काका निवृत्त व्हायला एक महिना आहे. नव्या यंत्रात परत येणाऱ्यांची वाट वेगळी निघाली, तर त्यांच्या नावापुढचे ते नापास काढता येतील, असं खिडकीतली मुलगी सांगत होती. तेव्हा मला हात लावायच्या आधी एवढं करा. दिवा बाजूने धरा, उजेड तिरपा पडू द्या आणि जरा खाली वाका. चौकोनांच्या खालून जाते ती. पुसट आहे, पण आहे.