गेली म्हणजे कुठे गेली?

साहेबांनी स्वतःच्या हाताने चहा आणून दिला, तेव्हाच कात्रीच्या मनात पाल चुकचुकली. या माणसाने आजवर कुणाला पाणी विचारलं नव्हतं, आणि आज चहा? वर पुन्हा "साखर पुरे ना?" संग्रहालयात आवाज कापण्या-जोडण्याचं काम तिचं, म्हणून सगळे तिला कात्री म्हणायचे.

"तुमच्या आत्यांची मुलाखत छान झालीय," साहेब म्हणाले. "नव्या दालनात त्यातलं एकच वाक्य ऐकवू. 'एका सकाळी आमची अख्खी आळी गेली.' बस्स."

"आणि पुढचं?"

"पुढे त्या रडतात हो. लोकांना रडणं ऐकवायचं का?"

कात्रीने मान डोलावली खरी, पण चहा तसाच बाजूला ठेवला. दुपारी ती मुद्दाम नव्या दालनात डोकावली. पाटी भिंतीला टेकवून ठेवलेली, कागदात गुंडाळलेली. तिने कोपरा फाडला. 'स्थलांतर'. अस्सं! म्हणजे आळी गेली म्हणजे बोचकी बांधून दुसरीकडे राहायला गेली! आत्याच्या तोंडून खोटं वदवायचं, तेही तिच्याच आवाजात. वा रे पठ्ठे!

ती तडक साहेबांपुढे उभी राहिली. "तिथे वंशसंहार झालाय, साहेब. आमची माणसं वेचून मारली."

"हळू बोला. संहार म्हटलं की वाद आलाच. कुणी म्हणतं मारलं, कुणी म्हणतं निघून गेले. आपण समतोल ठेवायचा. आणि शब्द आत्यांचाच आहे ना? मी एक अक्षर तरी बदललं?"

बदललं नव्हतं, हीच तर गोम होती.

घरी आत्या भाजी निवडत बसली होती. कात्रीने सगळं सांगितलं आणि म्हणाली, "एकदा सरळ म्हण ना गं, मारलं. निदान मेले तरी म्हण."

"आईला मेली म्हणू?" आत्या उसळली. "शिवी आहे ती! आपली माणसं जातात. गेली म्हणते, म्हणून तर तोंडातून शब्द फुटतो."

कात्रीला क्षणभर आत्याचाही संशय आला. हिला कुणी येऊन दमदाटी तर केली नाही? लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली. आत्या मात्र जेवली नाही. सकाळी चपला घालून आधीच दारात उभी. "चल, मला बोलायचंय त्यांच्याशी."

रेकॉर्डिंगच्या खोलीत साहेबांनी लगबगीने खुर्ची पुढे केली. "या आजी, या."

आत्या बसली. "लाव गं तुझं यंत्र," ती कात्रीला म्हणाली.

"कशाला उगाच त्रास?" साहेब हसले. "तुम्ही गेली म्हणालात ना?"

"म्हणाले."

"झालं तर मग!"

"तुम्ही आज घरातून निघताना काय म्हणालात?"

"काय म्हणणार? येतो म्हणालो."

"जातो का नाही म्हणालात?"

"अहो, असं कुणी म्हणतं का?"

"नाही ना? माझे वडील कोपऱ्यावर दूध आणायला निघाले तरी येतो म्हणायचे. त्या सकाळी आमच्या आळीत कुणीच येतो म्हटलं नाही. पलीकडच्या गल्लीतली ओळखीची माणसं बंदुका घेऊन आली. आमच्या लोकांची दारं त्यांना पाठ होती. ओढून बाहेर काढलं, भिंतीशी उभं केलं आणि मारलं." आत्याचा आवाज चिरकला. तिने पदराने तोंड पुसलं. "मारलं. आईलाही. म्हटलं बघा मी."

साहेबांनी कपाळावरचा घाम टिपला. "एवढं सगळं काही घेता येणार नाही हं."

"मग एक अक्षरही मिळणार नाही," कात्री म्हणाली. "आवाज तिचा आहे."

आत्या खुर्चीच्या हाताला धरून उठली, दारापाशी थांबली आणि मागे वळली.

"येते हं साहेब," ती म्हणाली. "पाटी लागली की वाचायला येते."