म्हशींच्या दारातून इंटरनेट

गिऱ्हाइकाला निवडीचा हक्क असतो, असं अर्थशास्त्राच्या पुस्तकात छापलेलं असतं.

म्हशी मागच्या दाराने येतात, पाहुणे पुढच्या.

चेतनाच्या साखरपुड्यात श्रीखंड कमी पडलं.

सुरतेतल्या एका नववीच्या मुलीची समजूत आहे की गणिताच्या बाईंचा चेहरा मुळातच तसा आहे: तोंड अर्धं उघडं, एक डोळा मिटलेला, हातातलं पेन हवेत.

हे सगळं एकाच घराबद्दल आहे.

घर ब्राह्मणपुरीत, पितांबरनानांचं. केळी, ऊस, थोडा कापूस. घर इतकं लांब की पुढचं दार एका गल्लीत उघडतं आणि मागचं दुसऱ्या. मधल्या खोलीत नानांची सून स्वप्नाली बसते आणि सुरतेच्या एका क्लाससाठी ऑनलाइन गणित शिकवते. म्हणजे शिकवायला लागते आणि अडकते. क्लासच्या मॅडमनी शुक्रवारी अगदी गोड आवाजात सांगितलं: सोमवारच्या तासाला पालक बघणार आहेत, पुन्हा चेहरा अडकला तर सुरतेला येऊन शिकवा, नाहीतर राहू द्या.

सासू प्रमिलाबाईंना यात पुढचंही दिसत होतं. सून सुरतेला गेली की मागोमाग मुलगा नवनीत जाणार, आणि केळीच्या बागेत नाना एकटे उभे.

गावात इंटरनेट देणारे दोघं. ललित आणि भूपेश. पूर्वी ते एकमेकांच्या तारा तोडायचे. त्या काळात नेट फार चांगलं चालायचं. सकाळी तुटलेली तार दुपारपर्यंत आधीपेक्षा नीट जोडलेली असायची, दर उतरायचे, आणि दोघंही खांबावरून हसून नमस्कार करायचे. मग ललितच्या बहिणीचं, चेतनाचं, भूपेशशी जमलं. साखरपुड्यातच, कमी पडलेलं श्रीखंड येईपर्यंत, जाणती मंडळी बसली. सोयऱ्यांनी एकमेकांच्या ताटातलं ओढू नये, असं ठरलं. पुढची गल्ली ललितची, मागची भूपेशची. टाळ्या वाजल्या.

त्या दिवसापासून गावात कंपन्या दोन आणि प्रत्येक घराला एक.

शुक्रवार. स्वप्नालीचा ललितला फोन.

"भाऊ, नेट परत बंद शे."

"बंद नही वहिनी, धीमं शे."

"मन्हा चेहरा अटकी ऱ्हायना."

"राऊटर बंद करी चालू करा."

"करं ते."

"परत करा."

"सोमवारलोंग नही सुधरनं ते मी लाईन बदली टाकसू."

ललित हसला. हसण्यात राग नव्हता, काळजी तर मुळीच नव्हती.

"कोनाकडे, वहिनी?"

शनिवार. भूपेश मागच्या गल्लीत शेजाऱ्यांकडे आला होता. स्वप्नालीने त्याला गोठ्यापाशीच गाठलं.

"हाई दार तुमनी गल्लीमा शे ना? आठून तार द्या."

"दार मन्ही गल्लीमा शे. घर ललितनं शे."

"अर्धं घर बी चाली."

"माले सासरवाडीले जानं पडस वहिनी. जेवाले बठनं पडस."

"मंग घर कोन गल्लीनं, हाई कोन ठरावस?"

साखरपुड्यात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

रविवारी सकाळी पुढच्या ओट्यावर बैठक बसली. सोयरीक जुळवणारे शिवाजीआप्पा मधोमध. एका बाजूला ललित, दुसऱ्या बाजूला जावई म्हणून भूपेशला गादी. समोरच्या घरातल्या रुक्मिणीबाई काही काम नसताना तांदूळ निवडायला बाहेर आल्या.

आप्पांनी फार वेळ घेतला नाही. ज्या दाराने सून माप ओलांडून घरात येते, ते घराचं तोंड. हे सगळ्यांना इतकं पटलं की ललितने चहा सांगितला. सून काय मागच्या दाराने आणतात?

"आमनी आनी," प्रमिलाबाई म्हणाल्या.

चहा थांबला.

नवनीतच्या लग्नाच्या दिवशी पुढची गल्ली गटारीसाठी कमरेइतकी खोदलेली होती. ठेकेदाराने सकाळी काम सुरू केलं आणि दुपारी तो दिसेनासा झाला. वरात मागे वळवावी लागली. म्हशी बाहेर काढल्या, शेण धुतलं, उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं, आणि स्वप्नालीने ते उजव्या पायाने लवंडलं. लग्नाच्या व्हिडिओतून तेवढा भाग प्रमिलाबाईंनी कापून घेतला. एवढी वर्षं त्या दाराचं नाव घरात कोणी काढलं नव्हतं. आज त्यांनी ते भर ओट्यावर काढलं. सून घरात राहणार असेल तर तेवढी लाज परवडणार होती.

"वं माय," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "म्हशीस्ना दारथून सून आनी, आनि आमले सांगं का मुहूर्त तठला व्हता."

"व्हताच ना," नाना म्हणाले. "गटारना मुहूर्त व्हता."

आप्पांनी हसू आवरलं. रीत म्हणजे रीत. घर मागच्या गल्लीचं.

ललित भांडला नाही. उठून त्याने भूपेशच्या पाठीवर हात ठेवला. "ल्या जावईबापू. एक घर आंदन." त्याचा मोठेपणा सगळ्यांच्या डोळ्यांत भरला.

दुपारी भूपेशने गव्हाणीच्या वर भोक पाडून तार आत घेतली. प्रमिलाबाईंनी नव्या राऊटरला हळद-कुंकू लावलं. तोरण मागे गेलं, नानांच्या नावाची पाटी मागे गेली, चपलाही मागे सुटू लागल्या. म्हशींना पहिल्यांदाच थोडं थांबायला सांगण्यात आलं. संध्याकाळी सगळं गाव एका हळदीला गेलं होतं आणि नेट नुसतं पळत होतं.

सोमवार. सुरतेत पालक बसले.

"म्हणजे हे दोन्ही त्रिकोण..." स्वप्नाली म्हणाली, आणि तिथेच राहिली.

त्याच क्षणी समोर रुक्मिणीबाईंची नेटवरची मालिकाही तिथेच राहिली. रुक्मिणीबाई ललितच्या गिऱ्हाईक.

"वहिनी, शहादाकडे फॉल्ट शे," भूपेश फोनवर म्हणाला. "राऊटर बंद करी चालू करा."

"काकू, शहादाकडे फॉल्ट शे," ललित रुक्मिणीबाईंना म्हणाला. "राऊटर बंद करी चालू करा."

दोघांचा आवाज सारखाच प्रामाणिक होता.

नेट आलं तेव्हा मॅडमचा निरोप आधीच येऊन पडलेला होता: सुरतेला कधी निघताय?

नवनीत म्हणाला, बायकोला सोडून येतो. बॅगा त्याने दोन भरल्या. नंदुरबारला गाडी पकडायची होती. प्रमिलाबाई निरोपाला घराच्या नव्या तोंडाशी उभ्या राहिल्या, आणि म्हशी आत जाईपर्यंत सगळ्यांना तिथेच थांबावं लागलं. नाना शेतात होते.

शहाद्याहून आणलेली स्वतःची तार भूपेशने साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिवशी काढून विकली होती. मागच्या गल्लीला तो ललितच्या तारेतूनच नेट देत होता.